लहान मुलांना घेऊन रानात चालायला जायचंय? ठिकाण शोधण्यापासून घरी परतेपर्यंत सगळं

तीन ते आठ वर्षांच्या मुलांना घेऊन कुठेतरी चालायला जाऊ असं ठरलं की घरातला जो कोणी कॉलेजात असताना राजगड-तोरणा करून आलेला असतो तो लगेच एखाद्या किल्ल्याचं नाव काढतो. मग पहाटे उठवाउठवी, अर्ध्या चढावर मूल बसकण मारतं, बाबा म्हणतात अजून थोडंच राहिलंय, आई म्हणते मी आधीच सांगत होते. मुलाला वर पोचण्यात काडीचा इंटरेस्ट नसतो हो. त्याला मुंगळ्यांची रांग कुठून निघाली ते बघायचं असतं, ओढ्यात खडे टाकायचे असतात, काठी हवी असते, आणि ती मिळाली की दहा मिनिटांनी दुसरी जास्त भारी काठी हवी असते. त्यामुळे वाटेत काय काय आहे ते बघून जागा निवडायची, शेवटी काय आहे ते बघून नाही. एवढं एक जमलं की बाकीचं सगळं प्लॅनिंग सोपं जातं.

अंतर आधी, जागा नंतर

सगळ्यात आधी तुमचं मूल खरंच किती चालतं ते बघा. आठवडाभर संध्याकाळी त्याला चालत बाहेर न्या, कडेवर न घेता, आणि कुठे कुरकुर सुरू होते ते लक्षात ठेवा. तेवढं अंतर हे तुमचं अख्खं जाऊन-येऊन अंतर धरा, एका बाजूचं नाही. माझा अंदाज असा की तीन-चार वर्षांच्या मुलाला जाऊन-येऊन दोनेक किलोमीटर पुरे, पाच-सहाच्याला तीन-चार, आणि सात-आठ वर्षांचं मूल सपाटीवर पाच-सहा किलोमीटर आरामात करतं, मूड असला तर. चार वर्षांच्या मुलाबरोबर एक किलोमीटरला पाऊण ते एक तास धरायचा, हसू नका, खरंच लागतो. चढ असेल तर अजून.

ग्रुपमध्ये दोन-तीन कुटुंबं असतील तर प्लॅन सगळ्यात लहान मुलाच्या मापाने करायचा, मोठ्यांना बोअर होईल वगैरे विचार करायचा नाही, मोठी मुलं लहानांना काहीतरी दाखवण्यात रमतात.

दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर कापडी झोळी किंवा पाठीवरचं कॅरियर, पण ज्याच्या अंगावर बाळ आहे त्याच्याकडे दुसरी सॅक द्यायची नाही, त्याचे दोन्ही हात मोकळे पाहिजेत. बाळ झोपलं की मान एका बाजूला पडते, हनुवटी छातीला टेकते, ते दर थोड्या वेळाने बघायचं. निसरड्या पायऱ्यांवर बाळ घेऊन जायचंच नाही.

वाट कशी ओळखायची

मोबाईलवर सॅटेलाइट नकाशा उघडून बसा. मी चार गोष्टी बघते. सावली किती आहे, कारण उघड्या माळावर नऊ वाजल्यानंतर लहान मुलं पटकन कोमेजतात. दर दहा-पंधरा मिनिटांनी काहीतरी नवीन येतं का, ओढा, देऊळ, मोठं वडाचं झाड, गोठा, खिंड, काहीही. मधूनच परत फिरता येतं का, म्हणजे ती वाट अशी नको की निम्म्यावर गेल्यावर पुढे जाणं आणि मागे येणं सारखंच लांब. आणि चौथं म्हणजे कडेला दरी आहे का. चार वर्षांच्या मुलाबरोबर दरीच्या कडेची वाट म्हणजे तुमचा सगळा वेळ हात धरण्यात आणि ओरडण्यात जाणार, त्यापेक्षा ती वाट तीन-चार वर्षं पुढे ढकला, किल्ला कुठे पळून जात नाही.

शक्य असेल तर आपल्यापैकी एकाने आधी एकटं जाऊन यावं. टॉयलेट कुठे आहे, पाणी मिळतं का, गाडी कुठे लागते, मोबाईलला रेंज आहे का, कुत्री कशी आहेत, हे सगळं नकाशावर दिसत नाही.

आणि गावाकडची पाणंद विसरू नका. बऱ्याच जणांचं गाव असतं, आजी-आजोबा असतात, आणि घरापासून मळ्यापर्यंतची वाट ही मुलांसाठी पहिल्या नंबरची वाट असते कारण तिथे प्रत्येक बांधावर सांगणारं माणूस असतं. फक्त दुसऱ्याच्या रानातून जायचं असेल तर विचारून जा आणि उभ्या पिकात पाय घालू नका. फवारणी चालू असेल त्या बाजूला दोन-तीन दिवस फिरकू नका.

कुठला महिना, किती वाजता

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला खरा सीझन. हवा चांगली, आकाश स्वच्छ, पक्षी भरपूर, डिसेंबर-जानेवारीत बोरं. ऑक्टोबरचं ऊन चकवतं, आजूबाजूला हिरवं दिसतं म्हणून आपण उशिरा निघतो आणि मूल लालबुंद होतं. फेब्रुवारी-मार्चला पळस, पांगारा, काटेसावर फुलतात, खाली पडलेली फुलं गोळा करण्यात मुलांचा तास जातो, पण तेव्हा साडेनऊ-दहाच्या आत परत गाडीत असायला हवं. एप्रिल-मे मध्ये करवंदं आणि जांभळं आहेत हे खरं, तर मग उजाडता उजाडता जा आणि तासाभरात या.

पावसाळ्याबद्दल मी जरा कडक आहे. सपाट वाट, टेकडी, गावचा रस्ता, झिमझिम पाऊस, रेनकोट, चिखलात उड्या, सगळं मस्त. जूनच्या सुरुवातीला मातीवर लाल मखमली मृगाचे किडे दिसतात ते तर दाखवाच. पण वाहत्या पाण्यात मुलं घेऊन उतरायचं नाही, गुडघाभर असलं तरी नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात लहान मुलंही होती. वर डोंगरात पाऊस पडतो आणि खाली पाणी काही मिनिटांत चढतं, तुमच्या डोक्यावर तेव्हा ऊनसुद्धा असू शकतं. पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पाला वाहून यायला लागला की लगेच काठावरून वर.

बॅगेत काय

पाणी मोठ्यांना दीड लिटर, मुलाला पाऊण ते एक, दोन-तीन तासांसाठी पुरतं, उन्हाळ्यात वाढवा. मुलाची छोटी बाटली त्याच्याच पाठीवर द्या, स्वतःची सॅक असली की ती ऐटीत चालतात. ओआरएसची पाकिटं ठेवा पण पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच कालवायची, अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट ओतायचं नाही.

खाऊ असा हवा की हाताला चिकटणार नाही आणि थोडा थोडा देता येईल. राजगिऱ्याचे लाडू, दशमी, गूळ-तूप लावलेल्या पोळीचे रोल, काकडी, चिक्की, खारे दाणे. केळं बॅगेत चेंगरतं, डब्यात ठेवा. चिप्सने तहान वाढते आणि पाकिटं वाऱ्यावर उडतात, शिवाय माकडं त्या कुरकुर आवाजावर धावून येतात. जेवणापेक्षा दर अर्ध्या तासाने तोंडात काहीतरी पडणं महत्त्वाचं, भुकेचं मूल 'भूक लागली' म्हणत नाही, ते रडतं किंवा भांडतं.

बूट पुढून बंद असलेले आणि घरी आठ-दहा दिवस वापरलेले. नवीन बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत. पायमोजे उंच, पँट पूर्ण लांबीची, कापड गुळगुळीत, कारण पावसाळा संपल्यावर वाळलेल्या गवतातली कुसळं लोकरी किंवा सैल विणीच्या कापडात अशी घुसतात की काढता काढता संध्याकाळ होते. कपड्यांचा रंग भडक असू दे म्हणजे झाडीत मूल दिसतं. एक जास्तीचा पूर्ण जोड, टोपी, शिट्टी, टॉवेल, ओले वाइप्स आणि ते परत आणायला पिशवी, जंतुनाशक, बँडेज, चिमटा, चिकटपट्टी (ही कशाला ते पुढे सांगते), मुलाची नेहमीची औषधं. मुलाच्या खिशात आई-बाबांचे नंबर लिहिलेली चिठ्ठी. शिट्टी गळ्यात अडकवायची आणि नियम असा की हरवल्यासारखं वाटलं तर जिथे आहेस तिथेच झाडाला धरून उभं राहायचं आणि वाजवायची. हा नियम घरी लपाछपी खेळताना दोन-तीनदा करून घ्या.

चालताना

एक मोठा पुढे, एक मागे, मुलं मध्ये. पुढच्याने मुलाच्या वेगाने जायचं, आणि खरं सांगायचं तर पुढे मुलालाच लीडर करायचं, दर वळणावर लीडर बदलायचा. चल चल म्हणून कोणी चालत नाही, पण 'त्या लाल मातीच्या वळणापर्यंत कोण आधी पोचतंय' म्हटलं की निघतात.

खेळ सोपे ठेवा. पाच वेगवेगळ्या आकाराची पानं खाली पडलेल्यांतून शोध, तोडायची नाहीत. लाजाळू दिसली की सगळे थांबणार हे गृहीत धरा. कोरड्या भुसभुशीत मातीत, भिंतीच्या आडोशाला बारीक बारीक शंकूसारखे खड्डे असतात, त्यात तळाशी एक किडा दबा धरून बसलेला असतो, मुंगी घसरून आली की पकडतो. त्या खड्ड्याशेजारी आमच्या धाकटीने एकदा इतका वेळ काढला की पुढचा सगळा प्लॅन रद्द केला, आणि ती अजून त्याच दिवसाबद्दल बोलते. भारद्वाज, वेडा राघू, खंड्या, कोतवाल, टिटवी हे पाच पक्षी ओळखायला शिकवा, बाकीचे नंतर. चाळीस नावं पाठ करून नेलीत तर ती शाळा होते.

फोटोसाठी मुलांना परत परत उभं करू नका एवढीच विनंती.

परतायची वेळ घड्याळावर ठरवा, जागेवर नाही. साडेनऊ म्हटलं की साडेनऊला मागे वळायचं, देऊळ समोर दिसत असलं तरी. परतीला मूल थकलेलं असतं आणि वाट आता जुनी झालेली असते म्हणून गोष्टी, गाणी, भेंड्या परतीसाठी राखून ठेवा, सगळा दारूगोळा जाताना उडवायचा नाही.

घाबरायचं कशाला आणि कशाला नाही

साप दिसेल ही भीती सगळ्यांना असते, पण माझ्या मते गावाकडे पाणी जास्त धोक्याचं. कठडा नसलेली विहीर आणि प्लास्टिक अंथरलेलं शेततळं. शेततळं वरून निरुपद्रवी दिसतं पण त्याचे उतार इतके गुळगुळीत असतात की आत पडलेल्या मोठ्या माणसालाही बाहेर येता येत नाही, मुलाचं तर सोडाच. त्याच्या बांधावरसुद्धा मुलांना चढू द्यायचं नाही. तसंच शेताच्या तारेच्या कुंपणाला हात नाही, रानडुकरांसाठी कोणी करंट सोडलेला असू शकतो.

साप म्हणाल तर विषारी म्हणून मुख्य चार, नाग, मण्यार, घोणस, फुरसं. फुरसं छोटं असतं, दगडाखाली-पाल्यात बसतं, म्हणून दगड उचलायचा नाही, बिळात-फटीत हात घालायचा नाही, बसण्याआधी काठी आपटून बघायचं. चावलाच तर जखम चिरायची नाही, चोखायची नाही, घट्ट दोरी बांधायची नाही, मुलाला चालवायचं नाही. तो अवयव हलणार नाही असा ठेवून उचलून १०८ ला फोन किंवा सरळ गाडीत घालून जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात. मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही. कोकणात लाल विंचवाचंही तसंच, लहान मुलाला तो जीवघेणा ठरू शकतो, त्यावर चांगले उपचार आहेत (महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम त्यातच आहे), पण वेळेत पोचलं पाहिजे.

आग्या मोहोळ लेण्यांना, कड्यांना, जुन्या बुरुजांना लटकलेलं असतं. आधीच वर बघायची सवय ठेवा. सेंट लावून जायचं नाही, खाली धूर करायचा नाही, दगड मारायचा नाही, ओरडायचं नाही. माश्या उठल्या तर मुलाच्या डोक्या-तोंडावर ओढणी किंवा जॅकेट टाकून उचलून पळायचं, हात झटकत उभं राहायचं नाही, गाडी किंवा घर गाठून दार लावायचं.

आणि आता चिकटपट्टी. खाजकुइली. हिवाळ्यात झुडपांवरून लोंबणाऱ्या सोनेरी-तपकिरी मखमली शेंगा, मुलांना हमखास हात लावावासा वाटतो, वाऱ्यानेही कुसं अंगावर येतात. लागली तर चोळायचं नाही, चिकटपट्टी दाबून उपटून काढत राहायचं, कपडे बदलून वेगळ्या पिशवीत, आणि ते हात डोळ्याला लागू द्यायचे नाहीत.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात उसाच्या शेतांत बिबटे राहतात, तिथे पहाटे आणि संध्याकाळी मुलं घेऊन उसाच्या कडेने फिरायचं नाही, दिवसा चाललात तरी मूल मागे रेंगाळू देऊ नका.

आता जागा

पहिल्यांदाच जात असाल आणि पुण्यात असाल तर कुठे लांब जाऊ नका, वेताळ टेकडी. सकाळी लवकर गेलात तर मोर दिसतात किंवा निदान ओरडताना ऐकू येतात, वाटा रुंद आहेत, माणसं असतात, आणि कंटाळा आला की खाली उतरून घरी. फक्त जुन्या खाणीच्या कडेपासून लांब.

दुसरी पायरी म्हणून मी भाजे लेणी सांगते, आणि गाडीने नाही, लोकलने. पुणे-लोणावळा लोकल पकडायची, मळवलीला उतरायचं (लोणावळ्याच्या अलीकडचं स्टेशन), एक्स्प्रेसवेवरचा पूल ओलांडून भाजे गावाकडे चालायचं. पुलावरून खाली धावणारे ट्रक बघण्यात पहिली पंधरा मिनिटं गेली म्हणून समजा. मग शेतं, गाव, आणि गावातून लेण्यांपर्यंत पायऱ्या. लहान मुलं थांबत थांबत अर्ध्या-पाऊण तासात चढतात. सगळं मिळून चार-साडेचार किलोमीटर होतं त्यामुळे पाच वर्षांच्या खालच्यांसाठी स्टेशन ते गाव रिक्षा करा. वर पुरातत्त्व खात्याचं तिकीट मोठ्यांना वीस-पंचवीस रुपये, पंधरा वर्षांखालच्यांना फुकट. लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची, २२ आहेत, आणि मुख्य चैत्यगृहाच्या (म्हणजे प्रार्थनेच्या मोठ्या लेण्याच्या) छताला लाकडी फासळ्या आहेत त्या मूळच्याच, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुनं लाकूड, हे मुलांना सांगा, तोंड उघडं राहतं. पुढे एका जागी दाटीवाटीने चौदा स्तूप आहेत ते मोजायला लावा, आणि टोकाच्या विहारात (भिक्षूंच्या राहण्याच्या लेण्यात) रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र शोधायला सांगा. सावली आहे, बसायला जागा आहे, डबा खाली उतरून खायचा. दुपारी लोकल कमी असतात त्यामुळे परतीची वेळ आधी बघून ठेवा, नाहीतर प्लॅटफॉर्मवर दोन तास आणि रिकामा खाऊचा डबा. पावसाळ्यातले शनिवार-रविवार टाळाच, खालच्या धबधब्यासाठी तिथे जत्रा असते. वरचा लोहगड (२०२५ ला जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक) सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी, पायऱ्या चांगल्या आहेत, पण विंचूकाट्याकडची (गडाच्या पुढे निघालेल्या चिंचोळ्या माचीकडची) वाट तेव्हाही सोडून द्या.

मुंबईकरांना बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान. सोमवारी बंद असतं, हे माहीत नसल्यामुळे गेटवरून परतणारे दर सोमवारी असतातच. आतल्या बसने कान्हेरीपर्यंत जायचं आणि मग लेण्यांच्या वाटांवर मनाला येईल तेवढं चालायचं. शंभरच्या वर लेणी आहेत, सगळी बघायचा हट्ट नको, दगडात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या आणि त्यांना पाणी नेणाऱ्या पन्हळी शोधा. माकडांसमोर पिशवी उघडू नका.

माथेरान मला मुलांबरोबर सगळ्यात जास्त आवडतं कारण तिथे मोटारी नाहीत, म्हणजे दिवसभर 'गाडी आली, बाजूला हो' हे वाक्य बोलावं लागत नाही. दस्तुरी नाक्याला गाडी ठेवली की अमन लॉजहून शटल ट्रेनने किंवा झाडीतून चालत गावात, अडीच-तीन किलोमीटर, चढ जवळजवळ नाही. जाताना चालत आणि येताना ट्रेनने असा बेत ठेवा, उलटा नको, ट्रेन बक्षीस म्हणून कामाला येते. घोडे जोरात येतात, आवाज आला की कडेला व्हा. पॉइंटांवर मात्र सगळीकडे कठडे नाहीत, तिथे हात सोडायचा नाही. शार्लट तलावाकडची वाट लहानांना बरी.

कास पठार फुलांच्या दिवसांत, ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, आधी ऑनलाइन बुकिंग करून, आणि शक्यतो मधल्या वारी. मुलांना फुलं तोडायची नसतात हे गाडीतच समजवा. नाशिककरांना पांडवलेणी आहेत, नागपूरकरांना अंबाझरी आणि गोरेवाडा, पण विदर्भात डिसेंबर-जानेवारी सोडून दुपारचा विचारही नको.

घरी आल्यावर

आंघोळीच्या आधी मुलाला उजेडात उभं करून केसांत, कानामागे, काखेत, कमरेच्या इलॅस्टिकखाली, गुडघ्यामागे बघा. गोचीड असेल तर चिमट्याने कातडीला अगदी लागून धरून सरळ ओढायची, पिरगाळायची नाही, तेल-रॉकेल ओतायचं नाही, नंतर साबण-पाण्याने धुवायचं आणि पुढच्या दोन आठवड्यांत ताप किंवा पुरळ आलं तर डॉक्टरांना गोचिडीचं सांगायचं. बूट उलटे करून झटका, मोज्यातली कुसळं काढल्याशिवाय ते मशीनमध्ये टाकू नका, घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांना लागतात. खिसे तपासा, दगड असतातच आणि ते मशीनचा ड्रम फोडतात. काठ्या बाल्कनीत ठेवायला द्या, पुढच्या वेळेला निघताना त्याच लागतात.